पॅनेलच्या अकरा पेशींत एकच निगेटिव्ह: ही अँटिबॉडी कोणती आणि आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या ठिकाणची रक्तपेढी. बावन्न वर्षांची बाई, रक्तगट बी पॉझिटिव्ह, हिमोग्लोबिन ६.२, परवा खुब्याचं ऑपरेशन. चार पिशव्या क्रॉसमॅचला लावल्या (पेशंटचं प्लाझ्मा पिशवीतल्या पेशींशी जुळवून बघितलं), चारही जुळल्या नाहीत. अँटिबॉडी स्क्रीनिंगच्या तिन्ही पेशी पॉझिटिव्ह. मग जेल कार्डावर अकरा पेशींचं पॅनेल लावलं, म्हणजे कोणते अँटिजेन (लाल पेशींवरच्या खुणा) आहेत ते आधीच माहीत असलेल्या अकरा दात्यांच्या पेशींशी तिचं प्लाझ्मा तपासलं. रिअॅक्शन १+ म्हणजे फिकी, ४+ म्हणजे सगळ्यात गडद. एक नंबर १+, तीन नंबर २+, चार ते अकरा सगळ्या ३+ ते ४+, आणि फक्त दोन नंबर निगेटिव्ह. ऑटो कंट्रोल (तिचं प्लाझ्मा तिच्याच पेशींशी) निगेटिव्ह, डायरेक्ट कूम्ब्स (तिच्या पेशींवर आधीच अँटिबॉडी चिकटली आहे का) निगेटिव्ह. वॉर्डातून निरोप आलाय की 'लीस्ट इनकम्पॅटिबल', म्हणजे न जुळणाऱ्यांतली सगळ्यात फिकी रिअॅक्शन देणारी, पिशवी द्या. "ही नेमकी कोणती अँटिबॉडी? आणि मी पिशवी देऊ का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण वॉर्डातून पुन्हा फोन येईल. ती पिशवी देऊ नकोस. बाईंना आत्ता रक्तस्राव होत नाहीये, ऑपरेशन ठरवून करायचं आहे, ते दोन दिवस पुढे गेलं तर चालेल. सर्जनना स्पष्ट सांग, "पेशंटच्या रक्तात बाहेरच्या लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत, बहुधा एकाहून जास्त. योग्य पिशवी शोधायला वेळ लागणार." कार्डात रिअॅक्शन १+ दिसली म्हणून शरीरातही ती एक प्लसच नुकसान करेल असं काही नसतं. तुझ्या पॅनेलमधली सगळ्यात फिकी रिअॅक्शन एक नंबरची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. का, ते पुढे सांगते.

आता पद्धत. पॅनेलचा कागद हातात घेण्याआधी पेशंटकडे जा. मी अठ्ठावीस वर्षं हे काम करते आहे आणि माझी निम्मी उत्तरं खाटेशेजारी मिळालेली आहेत. "पूर्वी रक्त चढवलं होतं का?" असं विचारलं की बहुतेक जण "नाही" म्हणतात. रक्त चढवणं म्हणजे काहीतरी मोठं, गंभीर, असं त्यांच्या मनात असतं. म्हणून मी ऑपरेशनं विचारते, बाळंतपणं विचारते, किती, कुठे, पडलेलं मूल होतं का, बाळाला कावीळ झाली होती का, त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं होतं का. एकदा एक बाई ठामपणे "कधीच नाही" म्हणाल्या आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या नणंदेनं आठवण करून दिली, "अगं, गर्भाची पिशवी काढली तेव्हा लाल बाटल्या नव्हत्या का लावल्या दोन?" त्या दोन बाटल्यांनीच सगळं घडवलं होतं. तू लिहिलं आहेस की तुझ्या पेशंटची तीन बाळंतपणं झाली आणि चार वर्षांपूर्वी गर्भाशय काढताना दोन पिशव्या लागल्या, त्यानंतर काही नाही. हे छान विचारलंस. यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे अँटिबॉडी तयार व्हायला कारण आहे. दुसरी म्हणजे गेल्या तीन महिन्यांत दुसऱ्याच्या पेशी अंगात गेलेल्या नाहीत, म्हणून आज तिच्या सॅम्पलमध्ये दिसतात त्या सगळ्या लाल पेशी तिच्याच. तिचा फिनोटाइप, म्हणजे तिच्या पेशींवर कोणते अँटिजेन आहेत ते, आज विश्वासानं करता येतो. परवा चुकीची पिशवी गेली की ही सोय पुढचे तीन महिने बंद.

औषधंही विचार. मल्टिपल मायलोमाच्या (रक्ताचा एक कर्करोग) पेशंटला डॅराट्युमुमॅब चालू असेल तर पॅनेलच्या सगळ्या पेशी फिक्या फिक्या पॉझिटिव्ह येतात, कारण ते औषध लाल पेशींवरच्या सीडी-३८ या प्रथिनाला चिकटतं. हे न विचारल्यामुळे दोन-दोन दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. तुझ्या पेशंटला तसं काही नाही, म्हणून पुढे जाऊ.

पॅनेल वाचताना नवखी मुलं पॉझिटिव्ह रांगांवर बोट ठेवून कोणता अँटिजेन जुळतो ते शोधत बसतात. उलटं कर. आधी निगेटिव्ह पेशी वाच. निगेटिव्ह पेशीवर जे अँटिजेन आहेत त्यांच्याविरुद्धची अँटिबॉडी या प्लाझ्मात नाही, असं ती पेशी सांगत असते. दहा पॉझिटिव्ह पेशींपेक्षा तुझी ही दोन नंबरची एकटी पेशी जास्त बोलते आहे. फक्त एक पथ्य पाळायचं. खोडताना तो अँटिजेन त्या पेशीवर दुहेरी मात्रेत असला पाहिजे, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून आलेला. एम, एन, एस, डफी, किड, आणि आरएचमधले सी-ई हे अँटिजेन एकेरी मात्रेत असले की त्यांची अशक्त अँटिबॉडी सहज निसटते. आपण याला डोसेज म्हणतो.

तू पाठवलेल्या अँटिग्रामवर (कोणत्या पेशीवर कोणते अँटिजेन आहेत त्याचा तक्ता) दोन नंबरची पेशी अशी आहे (बिग सी म्हणजे C, स्मॉल सी म्हणजे c, हे वेगळे अँटिजेन; ई आणि एसचंही तसंच): आर१आर१, म्हणजे डी आहे, बिग सी दुहेरी, स्मॉल ई दुहेरी, स्मॉल सी नाही, बिग ई नाही. केल निगेटिव्ह. डफी-ए दुहेरी, डफी-बी नाही. किड-ए नाही, किड-बी दुहेरी. एम आणि एन दोन्ही एकेरी. बिग एस नाही, स्मॉल एस दुहेरी. पेन्सिल घे आणि खोड: डी, बिग सी, स्मॉल ई, डफी-ए, किड-बी, स्मॉल एस. एम-एन खोडू नकोस, ते एकेरी आहेत. उरले स्मॉल सी, बिग ई, केल, डफी-बी, किड-ए, बिग एस, एम, एन. लुईस आणि पी-वन या अँटिजेनच्या अँटिबॉडी साधारणपणे गारव्यात काम करणाऱ्या. रूम टेम्परेचरला ट्यूबमध्ये काही दिसलं नाही असं तू लिहिलंस, म्हणून ते तूर्त बाजूला ठेवू. पुस्तकातलं रूम टेम्परेचर म्हणजे साधारण २२ अंश असतं, हे मात्र विसरू नको. मे महिन्यात आपल्याकडे एसी बंद असलेल्या खोलीत ते ३६ ला जातं आणि थंड अँटिबॉडी गायब होते. जानेवारीत तीच अँटी-एम सगळ्या क्रॉसमॅच बिघडवते. खोलीचं तापमान रजिस्टरमध्ये लिहीत जा.

आता पेशंटच्या बाजूनं खोड. साध्या नियमानं माणूस स्वतःकडे असलेल्या अँटिजेनविरुद्ध बाहेरची अँटिबॉडी बनवत नाही. तुझ्याकडच्या आरएच-केल कार्डावर बाई बिग सी पॉझिटिव्ह, स्मॉल सी निगेटिव्ह, बिग ई निगेटिव्ह, स्मॉल ई पॉझिटिव्ह, केल निगेटिव्ह आल्या. म्हणजे त्या आर१आर१ आहेत. आपल्याकडे हा प्रकार खूप आढळतो. अशा माणसाला स्मॉल सी असलेल्या पेशी चढल्या की अँटी-स्मॉल सी आणि अँटी-बिग ई या दोघी बहिणींसारख्या एकत्र येतात, कारण समोरून आलेल्या आर१आर२ किंवा आर२आर२ पेशीवर (आर२ म्हणजे डी, स्मॉल सी, बिग ई) दोन्ही अँटिजेन असतात.

या दोघींनी तुझ्या पॅनेलचं काय होतं ते बघ. चार ते अकरा या सगळ्या पेशींवर स्मॉल सी किंवा बिग ई आहे, त्या ३+ ते ४+. बरोबर जमलं. पण एक आणि तीन नंबर या आर१आर१ आहेत. त्यांच्यावर ना स्मॉल सी, ना बिग ई. तरी त्या पॉझिटिव्ह. इथे बरेच जण "चालायचंच, थोडं नॉनस्पेसिफिक असेल" म्हणून अँटी-स्मॉल सी, अँटी-बिग ई असा रिपोर्ट लिहून मोकळे होतात. अपघात नेमका इथेच होतो. पहिली जुळलेली अँटिबॉडी मिळाली की थांबायचं नाही. जी पेशी तिच्यात बसत नाही तिला उत्तर द्यावंच लागतं.

एक, दोन आणि तीन या आर१आर१ पेशी शेजारी शेजारी ठेव आणि फक्त फरक बघ. तीन नंबर डफी-बी निगेटिव्ह आहे तरी २+, म्हणून तिचं कारण डफी-बी नाही. एक नंबर बिग एस निगेटिव्ह आहे तरी १+, म्हणून तिचं कारण बिग एस नाही. केल तिघींवरही नाही. किड-ए मात्र एक नंबरवर एकेरी, तीन नंबरवर दुहेरी, आणि दोन नंबरवर अजिबात नाही. रिअॅक्शन १+, २+, निगेटिव्ह. एकेरीला फिकी, दुहेरीला गडद, नसेल तिथे काही नाही. डोसेजचं इतकं स्वच्छ चित्र क्वचित मिळतं. तिथे अँटी-किड-ए आहे, असं माझं मत आहे.

म्हणून तू आधी एक काम कर. पेशंटची किड टायपिंग अजून झालेली नाही. ती किड-ए निगेटिव्ह यायला हवी. पॉझिटिव्ह आली तर माझा तर्क चुकला असं समज आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. किडचं सिरम तुझ्याकडे नसेल तर ज्या केंद्राकडे असेल तिथे सॅम्पल पाठव. डफी, एम-एन, एस यांचंही टायपिंग तिथेच करून घे, म्हणजे उरलेली नावं खोडता येतील.

आता तो तर्क पक्का कसा करायचा? एकेका पेशीवर विसंबून चालत नाही. जुना नियम असा आहे की अँटिजेन असलेल्या तीन पेशी पॉझिटिव्ह आणि नसलेल्या तीन पेशी निगेटिव्ह मिळाल्या पाहिजेत. हा नियम कुणाच्या मनात आलं म्हणून झालेला नाही. सहा पेशींपैकी नेमक्या त्याच तीन पेशी योगायोगानं पॉझिटिव्ह यायची शक्यता वीसात एक, म्हणजे ०.०५. शास्त्रात साधारण तिथेच रेघ ओढतात. तुझ्या पॅनेलमध्ये स्मॉल सी, बिग ई आणि किड-ए हे तिन्ही नसलेली पेशी एकच आहे. म्हणून दुसऱ्या लॉटच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या पॅनेलमधून निवडक पेशी हव्यात. आर१आर१, किड-ए निगेटिव्ह अशा आणखी दोन: या निगेटिव्ह याव्यात. आर१आर१, किड-ए दुहेरी अशा दोन: या पॉझिटिव्ह याव्यात. डी निगेटिव्ह आरआर (rr, म्हणजे डी नाही, स्मॉल सी आणि स्मॉल ई दुहेरी), किड-ए निगेटिव्ह अशा तीन: या पॉझिटिव्ह आल्या की स्मॉल सी सिद्ध.

एन्झाइम पॅनेल लावू का, असंही विचारलं आहेस. पॅपेन या पपईतल्या एन्झाइमने पेशींवरचा एक थर कापला जातो. त्यात डफी, एम, एन, बहुतेकदा एसही नष्ट होतात. उलट आरएच आणि किडच्या रिअॅक्शन फुलतात. केलवर काही परिणाम नाही. आता बघ, तुझ्या तिन्ही संशयित, स्मॉल सी, बिग ई, किड-ए, या तिघीही पॅपेनने वाढणाऱ्या. म्हणून इथे एन्झाइमने त्या वेगळ्या होणार नाहीत. डफी-बी, एम, एन, एस मात्र बाजूला होतील आणि फिकी किड गडद दिसेल, एवढ्यापुरता उपयोग आहे. डीटीटी या रसायनाच्या ०.२ मोलर द्रावणाने केल उडतो, तो डॅराट्युमुमॅबच्या पेशंटसाठी हाताशी ठेव, इथे गरज नाही. एखादी पद्धत आपल्याकडे आहे म्हणून ती लावायची नसते. ती कोणता प्रश्न सोडवणार हे आधी कागदावर लिहायचं आणि मग सिरम खर्च करायचं. पेशंटचं प्लाझ्मा मोजकं असतं आणि तिचं हिमोग्लोबिन ६.२ आहे, प्रत्येक जादा सॅम्पल तिच्या अंगातूनच येतं.

बिग ई वेगळी सिद्ध करणं सगळ्यात अवघड, आणि मला त्यातच सगळ्यात आनंद मिळतो, म्हणून जरा थांबून सांगते. बिग ई आहे पण स्मॉल सी नाही अशी पेशी फार दुर्मीळ, कारण आपल्याकडे बिग ई बहुतेक वेळा स्मॉल सीच्या सोबतच येतो. मग अॅडसॉर्प्शन करायचं, म्हणजे निवडक पेशींना एक अँटिबॉडी शोषून घ्यायला लावायची. ओ गटाच्या, डी निगेटिव्ह आरआर, किड-ए निगेटिव्ह, केल निगेटिव्ह अशा पेशी घ्यायच्या, सलाइनने धुवायच्या, पॅपेन लावायचं, पुन्हा धुवायच्या, आणि शेवटच्या धुण्यानंतर वरचं पाणी शक्य तितकं काढून टाकायचं. पाणी राहिलं तर प्लाझ्मा पातळ होतं आणि अशक्त अँटिबॉडी हरवते. मी टिश्यूची बारीक वळकटी करून ट्यूबच्या कडेनं उरलेलं पाणी टिपते. मग घट्ट पेशी आणि पेशंटचं प्लाझ्मा सारख्या मापानं एकत्र करून ३७ अंशाला तासभर ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. पेशी अँटी-स्मॉल सी शोषून घेतात. सेंट्रिफ्यूज करून वरचं प्लाझ्मा काढायचं आणि आधी त्याच पेशींशी लावून बघायचं. अजून पॉझिटिव्ह असेल तर ताज्या पेशी घेऊन दुसरी फेरी. निगेटिव्ह झालं की त्या प्लाझ्मात स्मॉल सी राहिली नाही. आता ते आर२आर२, किड-ए निगेटिव्ह पेशीला लाव. पॉझिटिव्ह आलं तर बिग ई आहे, कारण दुसरं काही उरलेलं नाही. आर१आर१, किड-ए पॉझिटिव्ह पेशीला लाव, पॉझिटिव्ह आलं तर किड-ए. एका ट्यूबमध्ये गुंतलेली तीन माणसं एकेक करून वेगळी उभी राहिल्यासारखं वाटतं. इतक्या वर्षांनी अजूनही त्या कार्डाकडे बघताना माझा श्वास क्षणभर थांबतो.

हे सगळं जिल्ह्याच्या रक्तपेढीत करावं असं माझं म्हणणं नाही. अशा पेशी तुझ्याकडे नसणार. मुंबईत परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ मध्ये ती ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर म्हणून सुरू झाली आणि दुर्मीळ दात्यांची नोंदही तिथे ठेवतात. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि मोठ्या शहरांतल्या काही रक्तपेढ्यांतही हे काम होतं. सॅम्पल पाठवताना ईडीटीएच्या दोन-तीन ट्यूब, पेशंटचा पूर्वीचा सगळा इतिहास, औषधं, आणि तुझ्या पॅनेलचा अँटिग्रामसकट कागद पाठव. नुसतं "अँटिबॉडी आयडी" असं लिहून पाठवलेल्या सॅम्पलचं काम उगाच दुप्पट होतं.

कामाच्या हातांबद्दलही थोडं. जेलमध्ये ५० मायक्रोलिटर पेशी, २५ मायक्रोलिटर प्लाझ्मा, ३७ अंशाला १५ मिनिटं आणि १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, एवढंच असतं आणि धुण्याची कटकट नाही. पण ट्यूबमध्ये कूम्ब्स करायची वेळ येतेच. तिथे तीन-चार वेळा पूर्ण धुणं हाच कूम्ब्सचा जीव आहे. प्लाझ्माचा माग जरी राहिला तरी त्यातलं मोकळं आयजीजी (अँटिबॉडीचं प्रथिन) कूम्ब्स सिरमला आधीच बांधून टाकतं आणि खरी पॉझिटिव्ह खोटी निगेटिव्ह होते. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये शेवटी चेक सेल (आधीच आयजीजी चिकटवलेल्या पेशी) टाकायच्या आणि त्या गोळा झाल्याच पाहिजेत. झाल्या नाहीत तर ती टेस्ट झालीच नाही असं धरायचं. १९४५ मध्ये कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी ही टेस्ट मांडली. पुढच्या सहा वर्षांत केल, डफी आणि किड हे तिन्ही सापडले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अँटिबॉडी एकदम दिसायला लागल्या त्या या एका धुण्यामुळे आणि दोन थेंबांमुळे.

आता किडबद्दल, कारण मी वर म्हटलं की एक नंबरच्या १+ ची मला सगळ्यात काळजी वाटते. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली होती. रस्त्यावर अपघात झालेला माणूस, मांडीचं हाड मोडलेलं. स्क्रीनिंग निगेटिव्ह. तीन पिशव्या व्यवस्थित जुळल्या, दिल्या. आठव्या दिवशी वॉर्डातून फोन, डोळे पिवळे, लघवी गडद, हिमोग्लोबिन ९.४ वरून ६.१. जंतुसंसर्ग असेल म्हणून प्रतिजैविकं चालू केली होती. सॅम्पल आणलं. डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह, आणि कार्डात काही पेशी वर अडकलेल्या, काही खाली गेलेल्या. मिक्स्ड फील्ड. त्याच्या स्वतःच्या पेशी खाली, चढवलेल्या पेशी वर. अॅसिड इल्युशन करून पेशींवरची अँटिबॉडी सोडवून घेतली आणि पॅनेलला लावली, तर स्वच्छ अँटी-किड-ए. शेवटच्या धुण्याचं पाणी कंट्रोल म्हणून लावलं होतं, ते निगेटिव्ह. मग त्याच्या बायकोनं घरून कागदांची प्लास्टिकची पिशवी आणली. तीत सहा वर्षांपूर्वीची, दुसऱ्या एका इस्पितळातली, घडीवर फाटलेली चिठ्ठी होती. तिच्यावर ही अँटिबॉडी लिहिलेली होती. त्या कागदाचा अर्थ त्या घरात कुणालाच कधी सांगितला गेला नव्हता, आणि आम्हीही मागितला नव्हता.

किडची अँटिबॉडी अशीच असते. काही महिन्यांत रक्तातून इतकी कमी होते की कुठल्याच पद्धतीनं दिसत नाही. मग तो अँटिजेन पुन्हा आत आला की शरीराला आठवण होते आणि आठवड्याभरात ती उसळते. त्यात ती कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) ओढते, म्हणून पेशी शिरांतच फुटू शकतात. तो माणूस वाचला, मूत्रपिंडंही वाचली, पण पाच रात्री त्याच्या लघवीच्या पिशवीचा रंग बघत काढल्या आम्ही. तेव्हापासून आमच्याकडे एकदा सापडलेली अँटिबॉडी कायमची समजतात. पुढच्या वेळी स्क्रीनिंग निगेटिव्ह आलं तरी त्या अँटिजेनची पिशवी देत नाही.

तुझ्या पॅनेलमध्ये दोन नंबर निगेटिव्ह आली म्हणून हे इतकं उलगडलं. अकराच्या अकरा पॉझिटिव्ह आणि ऑटो कंट्रोल निगेटिव्ह असं कधी आलं तर वाट वेगळी. पेशंट ओ गटाचा असेल आणि सगळ्या पेशी ४+ असतील तर आधी अँटी-एच लेक्टिन लाव. बॉम्बे गट असू शकतो, म्हणजे ओ गटाच्या पेशींवरही असणारा एच अँटिजेनच त्याच्याकडे नसेल. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली तो जगापुढे मांडला आणि आजही आपल्या रक्तपेढ्यांत अशा माणसांवर ओ म्हणून शिक्का बसतो. दुसरं, इंडियन रक्तगट प्रणाली. आयएन-ए हा अँटिजेन १९७३ मध्ये मुंबईतल्याच संशोधकांनी वर्णन केला. तो आपल्याकडे शंभरात तिघा-चौघांत असतो. त्याचा जोडीदार आयएन-बी जवळजवळ सगळ्यांकडे असतो. ज्याच्याकडे आयएन-बी नाही त्याने अँटी-आयएन-बी बनवली की सगळं पॅनेल पॉझिटिव्ह येतं, आणि पॅपेन लावलेल्या, डीटीटी लावलेल्या पेशी मात्र निगेटिव्ह. परदेशी पॅनेलच्या अँटिग्रामवर आपल्या लोकांचे हे अँटिजेन बहुधा छापलेलेही नसतात, त्यामुळे ते डोक्यात ठेवावे लागतात. अशा वेळी पेशंटची सख्खी भावंडं बोलाव. जुळणारं रक्त घरात सापडण्याची शक्यता बाहेरपेक्षा बरीच जास्त. ऑटो कंट्रोलही पॉझिटिव्ह असेल तर ती बहुधा ऑटोअँटिबॉडी, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची. तिथलं काम म्हणजे तिच्या खाली दुसरी एखादी अँटिबॉडी लपली आहे का ते शोधणं. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

आता पिशवी. स्मॉल सी निगेटिव्ह, किड-ए निगेटिव्ह अशी हवी. स्मॉल सी निगेटिव्ह निवडली की बिग ई जवळजवळ आपोआप टळते, तरी बिग ई टायप करूनच घे. केल निगेटिव्हही घे, तिला चौथी अँटिबॉडी व्हायला नको. ढोबळ हिशेब असा: शंभर दात्यांत स्मॉल सी नसलेले चाळीस धरले आणि किड-ए नसलेले वीस धरले, तर दोन्ही नसलेले ०.४ गुणिले ०.२, म्हणजे शंभरात आठ. दोन पिशव्यांसाठी पंचवीस तपासाव्या लागतील. तू चारच तपासल्या होत्यास, म्हणून एकही जुळली नाही यात नवल नाही आणि तुझी चूकही नाही. बी आणि ओ दोन्ही गटांच्या पॅक्ड सेल चालतील. आधी सगळ्या पिशव्यांचं स्मॉल सी टायपिंग कर, ते सिरम स्वस्त आणि सहज मिळतं. जे दहा उरतील त्यांनाच महागडं किडचं सिरम लाव. पिशवीच्या नळीतून टायपिंगसाठी तुकडा काढताना नंबर दोनदा वाच. मग कूम्ब्सपर्यंत पूर्ण क्रॉसमॅच. पेशंटच्या बहीण-भावांना बोलावून टायप करायलाही आजच सांग, ते आर१आर१ आणि किड-ए निगेटिव्ह निघण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा बरीच जास्त. त्यांचं रक्त मिळालं तर विकिरण करून द्यावं लागतं हे लक्षात ठेव.

दोन दिवसांत अचानक रक्तस्राव सुरू झाला आणि जिवावर बेतलं, तर मात्र पेशंटला रक्तावाचून जाऊ द्यायचं नाही. स्मॉल सी निगेटिव्ह तरी निवड, डॉक्टरांची लेखी संमती घे, हळू चढवायला सांग आणि पुढचे दोन आठवडे हिमोग्लोबिन, बिलिरुबिन आणि लघवीवर लक्ष ठेवायला लाव.

आणि उत्तर पक्कं झालं की कार्ड बनव. पाकिटात मावेल एवढं, लॅमिनेट केलेलं. एका बाजूला डॉक्टरांसाठी अँटिबॉडींची नावं, रक्तगट, तारीख, तुमच्या रक्तपेढीचा फोन. दुसऱ्या बाजूला मराठीत, मोठ्या अक्षरात: "माझ्या रक्तात विशेष अँटिबॉडी आहेत. मला रक्त देण्याआधी हे कार्ड रक्तपेढीत दाखवा. नेहमीची तपासणी बरोबर आली तरी दाखवा." ते त्यांच्या हातात देताना मुलाला किंवा सुनेलाही सोबत बसव, आणि कार्ड कशासाठी आहे ते त्यांच्याकडून तोंडी वदवून घे. किडचा रिपोर्ट आला की कळव. दोन नंबरसारख्या आणखी दोन पेशी आमच्या लॉटमध्ये आहेत, उद्या सकाळच्या गाडीनं पाठवते.